हिंदमाता: भरतीच्या चार तासांचा हिशेब

पार्श्वभूमी

दादर पूर्व आणि परळ यांच्या मधला हिंदमाता चौक अख्ख्या मुंबईला कापडबाजारासाठी माहीत आहे, आणि पावसाळा लागला की टीव्हीवरच्या ‘हिंदमाता पाण्याखाली’ या पट्टीमुळे अख्ख्या महाराष्ट्राला. चौकातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग जातो. केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे इथे गुडघाभर पाणी साचलं की दुकानदारांचं नुकसान होतंच, शिवाय रुग्णवाहिका आणि बेस्टच्या गाड्या अडतात आणि दक्षिण मुंबईकडे जाणारा एक मुख्य रस्ता बंद पडतो.

२००५ ते २०२५ या वीस वर्षांत इथे काय काय केलं गेलं, कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय झाला आणि पाणी तरीही का साचत राहिलं, हे या प्रकरणात मांडलं आहे. अधिकारी, सल्लागार आणि ठेकेदार यांची नावं घेतलेली नाहीत. प्रकरण समजायला त्यांची गरजही नाही. जिथे ‘१०० हेक्टर’ असा आकडा येतो तिथे तो फक्त हिशेबाच्या सोयीसाठी धरलेला आहे.

हिंदमाताची जमीन बशीसारखी आहे. आजूबाजूचे रस्ते चढाचे आणि मध्ये खोलगट चौक. मुंबईची सात बेटं खाजणं बुजवून जोडली गेली, त्या भरावाच्या शहरात अशा बशा ठिकठिकाणी आहेत. जमिनीखाली ब्रिटिश काळातल्या विटांच्या कमानींच्या पर्जन्य जलवाहिन्या, त्यांना पुढे जोडलेल्या नव्या वाहिन्या आणि शेवटी समुद्रात उघडणारी पातमुखं. महापालिकेच्या नोंदीत शहराची एकूण १८६ पातमुखं आहेत. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ सरासरी पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली, आणि भरतीच्याही वर असलेली फक्त सहा. थोडक्यात, मोठी भरती असली की १८६ पैकी १८० तोंडांवर समुद्र चढलेला असतो.

अडचण

जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या, तेही पडलेल्या पावसातलं निम्मं पाणीच वाहून येईल असं धरून. बाकीचं निम्मं माती, बागा आणि मैदानं पिऊन टाकतील असा हिशेब होता. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत तो बरोबरही असेल. पुढे सगळीकडे डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले. गिरणगावातल्या सुमारे ६०० एकर गिरणी जमिनींचा पुनर्विकास झाला, तेव्हा १९९१च्या नियमानुसार त्यातला मोठा वाटा मोकळी जागा म्हणून शहराला मिळणार होता. २००१च्या दुरुस्तीने तो वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. पर्जन्य जलवाहिनीच्या दृष्टीने पाहिलं तर हा एक जलवाहिनीविषयक निर्णयच होता, फक्त तो घेताना त्या खात्याला कुणी विचारलं नाही.

१९८५च्या पुरानंतर सल्लागार नेमले गेले आणि १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ (बृहन्मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांचा) अहवाल आला. त्याने क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायला सांगितली, आणि पडलेलं सगळं पाणी वाहूनच येणार असं धरायला सांगितलं. वर्तमानपत्रांत ‘क्षमता दुप्पट होणार’ असं छापून येतं, पण ती दुप्पट नाही. रॅशनल सूत्राने (पावसाचा वेग × क्षेत्र × वाहून येणाऱ्या पाण्याचा वाटा, म्हणजे गुणांक) १०० हेक्टरचा हिशेब करून बघा:

ताशी २५ मिमी, गुणांक ०.५: सेकंदाला सुमारे ३.५ घनमीटर.
ताशी ५० मिमी, गुणांक १.०: सेकंदाला सुमारे १३.९ घनमीटर.

म्हणजे चौपट. ज्या रस्त्याखाली आधीच पाण्याच्या, मलनिःसारणाच्या, विजेच्या, गॅसच्या आणि टेलिफोनच्या वाहिन्या आहेत, तिथे चौपट पाणी नेणारी वाहिनी बसवायची होती.

अहवाल बारा वर्षं पडून राहिला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला ४.४८ मीटरची भरती होती. त्यानंतर पुराची कारणं शोधायला चितळे समिती बसली आणि २००७ साली केंद्राने १२०० कोटींचा प्रकल्प मंजूर केला.

भरती म्हणजे नेमकं किती वेळ?

पुढचे सगळे निर्णय याच एका प्रश्नावर बेतलेले आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो.

महापालिका दर वर्षी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. हे साडेचार मीटर सागरी नकाशाच्या शून्यापासून मोजलेले असतात. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती सरासरीपेक्षा दोन मीटर वर. शहरातल्या रस्त्यांच्या आणि वाहिन्यांच्या पातळ्या मात्र ‘टाऊन हॉल डेटम’ या तिसऱ्याच शून्यापासून लिहिलेल्या असतात. हे तीन आकडे एका कागदावर आणताना चूक झाली की झडपेची पातळी मीटरभर चुकते. हे ऐकायला पोरकट वाटतं, पण किनाऱ्यावरच्या कामांत आराखडा तपासताना पहिल्यांदा बघायची गोष्ट हीच.

आता उधाणाची भरती धरू: सरासरीच्या दोन मीटर वर आणि दोन मीटर खाली, एक फेरा १२ तास २५ मिनिटांचा. समजा समुद्र सरासरीच्या एक मीटर वर गेला की आपलं पातमुख बंद पडतं. साध्या कोसाइन वक्राने काढलं तर एका फेऱ्यात ते ४ तास ८ मिनिटं बंद राहतं. भरतीच्या आधी दोन तास, नंतर दोन तास. या काळात पडलेल्या पावसाला गुरुत्वाने समुद्राकडे जायला वाट नाही.

हाच वक्र समुद्र चढवून पुन्हा काढा. पातळी २० सेंटिमीटर चढली तर बंद राहण्याची वेळ सुमारे ४ तास ३५ मिनिटं होते. ५० सेंटिमीटर चढली तर सुमारे ५ तास १३ मिनिटं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या सहाव्या अहवालानुसार २००६ ते २०१८ या काळात जगभरातली सरासरी वाढ वर्षाला ३.७ मिलिमीटर होती आणि तो वेग वाढतो आहे. ‘समुद्र वीस सेंटिमीटर वाढला तर काय होणार, रस्त्यावर थोडंच येणार आहे’ असं म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा. तो रस्त्यावर येत नाही. दर भरतीला अर्धा तास जास्त वेळ दार बंद ठेवतो. आणि पाऊसही आता तासा-दोन तासांत कोसळून मोकळा होतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पातमुखावर झडपा आणि मोठं उदंचन केंद्र (पंपिंग स्टेशन) बांधण्याचा. भरतीत झडप बंद करायची आणि पंपाने पाणी समुद्रात फेकायचं.

दुसरा, बशीपासून पातमुखापर्यंतची वाहिनी मोठी करण्याचा. सगळ्यात खर्चिक, आणि रस्ता दोन-तीन पावसाळ्यांपुरता उकरून ठेवणारा.

तिसरा, बशीजवळच जमिनीखाली टाकी बांधण्याचा. भरतीत पाणी टाकीत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं.

चौथा, रस्ता उचलण्याचा. पाणी आहे तिथेच राहतं, वाहनं वरून जातात.

पाचवा पर्याय कागदावर नेहमी असतो आणि प्रत्यक्षात कधीच नसतो: वरच्या बाजूच्या प्रत्येक भूखंडाने आपलं पाणी दोन तास आपल्याकडेच धरून ठेवायचं. त्याच्याकडे पुढे येतो.

यातला कुठलाही पर्याय एकटा पुरणारा नव्हता. प्रश्न क्रमाचा होता, आणि तो क्रम चुकला.

पहिला निर्णय: पंप समुद्राजवळ

ब्रिमस्टोवॅडमध्ये आठ उदंचन केंद्रं होती. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा झाली. मोगरा आणि माहुल रखडली. हिंदमाताचं पाणी रे रोडच्या ब्रिटानिया केंद्राकडे जातं. ते २०१६ साली सुरू झालं. सहा पंप, एकेकाची क्षमता सेकंदाला ६००० लिटर, म्हणजे एकूण सेकंदाला ३६ घनमीटर. आकडा बघून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला.

पण पाणी पुढच्या पावसाळ्यातही साचलं, आणि पंप मात्र पूर्ण क्षमतेने चालवण्याइतकं पाणी केंद्रात येत नव्हतं. त्याचं कारण पंपात नव्हतं, वाहिनीत होतं.

वाहिनीतून किती पाणी जाईल हे मॅनिंगच्या सूत्राप्रमाणे जलपृष्ठाच्या उताराच्या वर्गमुळावर ठरतं. बशी आणि पातमुख यांच्या मध्ये काही किलोमीटरचं अंतर आहे आणि पातळीतला फरक जेमतेम. समजा चार किलोमीटरला एक मीटर, म्हणजे १:४०००. पंपाने शेवटच्या टोकाची पातळी आणखी एक मीटर खाली खेचली तर उतार दुप्पट होतो, पण प्रवाह १.४१ पटच होतो. शिवाय ही ओढ पंपाजवळच जास्त लागते. वरच्या टोकापर्यंत पोहोचेपर्यंत ती घर्षणात संपते. वाहिनीच्या मध्येच एखादी जलवाहिनी आडवी गेलेली असेल, कमानीत हातभर गाळ असेल, तर हिंदमाता चौकातल्या पाण्याला रे रोडचा पंप चालू आहे की बंद याचा पत्ताही लागत नाही.

स्ट्रॉने सरबत ओढताना स्ट्रॉच मध्ये चेपलेला असेल तर गाल कितीही आत ओढून उपयोग नसतो.

इथे वेगळं काय करता आलं असतं? केंद्राची निविदा काढण्याआधी सगळ्या वाहिनीचा लांबछेद (टोकापासून टोकापर्यंतच्या पातळ्यांचा नकाशा) काढून, एका पावसाळ्यात चार-पाच मॅनहोलांत पातळीचे सेन्सर लावून, पाणी नेमकं कुठे अडतं ते मोजायला हवं होतं. मोजणीला एक पावसाळा जातो, आणि ज्या वर्षी टीव्हीवर होड्या दिसल्या त्या वर्षी ‘आम्ही मोजतोय’ असं सांगायची हिंमत कुणात नसते.

पुढच्या वर्षांत वाहिन्या मोठ्या करण्याचं काम टप्प्याटप्प्याने झालं. त्याने पाणी ओसरायला लागणारा वेळ कमी झाला, पण पाणी साचायचं थांबलं नाही.

तात्पुरते पंप आणि गोल फिरणारं पाणी

या मधल्या काळात दर पावसाळ्यात चौकाच्या कडेला भाड्याचे डिझेल पंप लावले जात. त्यात एक गोम होती. पंप पाणी उचलून जवळच्याच मॅनहोलमध्ये सोडायचा, आणि त्या मॅनहोलखालची वाहिनी आधीच काठोकाठ भरलेली. सोडलेलं पाणी पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या जाळीतून उसळून वर यायचं. पंपाच्या नोंदवहीत हजारो घनमीटर उपसल्याची नोंद, चौकात पाणी जैसे थे.

हे ओळखायची सोपी खूण आहे: पंप बंद करून दहा मिनिटं पातळी बघायची. पंप चालू आणि बंद दोन्ही वेळा पातळी सारखीच चढत असेल तर पाणी गोल फिरतंय. पंपाची नळी ज्या वाहिनीत सोडायची ती वेगळ्या क्षेत्राची हवी, नाहीतर टाकीत सोडायला हवी.

आणखी एक गोष्ट, जी जिवावर बेतते. पाणी लवकर जावं म्हणून लोक मॅनहोलचं झाकण उघडतात. २९ ऑगस्ट २०१७ला सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी जवळच्याच एल्फिन्स्टन रोड भागात एक नामांकित डॉक्टर अशा उघड्या मॅनहोलमध्ये ओढले गेले. मॅनहोलमध्ये झाकणाखाली लोखंडी जाळी बसवण्याचं काम त्यानंतर जोरात सुरू झालं.

दुसरा निर्णय: पाणी थांबवून ठेवायचं

२०२१ साली विचार बदलला. पाणी समुद्रापर्यंत त्या चार तासांत पोहोचत नसेल, तर ते चार तास ते कुठेतरी ठेवायचं. परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि दादर पश्चिमेचा प्रमोद महाजन कला पार्क, या दोन ठिकाणी जमिनीखाली टाक्या घेतल्या. टप्प्याटप्प्याने वाढवत दोन्ही मिळून क्षमता सुमारे सहा कोटी लिटर झाली. हिंदमाताच्या बाबतीत घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय, असं माझं मत आहे. मात्र टाकीच्या भिंतींपेक्षा टाकीभोवतीच्या गोष्टी जास्त अवघड असतात.

*किती वेळ पुरेल.* १०० हेक्टरवर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडतोय, आणि भरतीमुळे वाहिनी त्यातलं निम्मंच नेते असं धरा. ताशी २५,००० घनमीटर, म्हणजे अडीच कोटी लिटर जास्तीचं. सहा कोटींची टाकी २ तास २४ मिनिटांत भरते. दार बंद राहणार ४ तास ८ मिनिटं. म्हणजे पावसाचा जोर भरतीच्या अख्ख्या काळात टिकला तर टाकी अपुरी, मध्ये तासभर उघडीप मिळाली तर पुरेशी. आणि समुद्र २० सेंटिमीटर चढला तर वाढलेल्या २७ मिनिटांसाठी आणखी सुमारे १ कोटी १२ लाख लिटर जागा लागेल. समुद्रपातळीचा आकडा टाकीच्या आकाराला असा थेट जोडता येतो.

*भरायचे पंप.* ताशी २५,००० घनमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सात घनमीटर. ताशी ३००० घनमीटरचे पंप घेतले तर नऊ चालू आणि किमान दोन राखीव. आठ मीटर हेड (पाणी उचलायची उंची) आणि ७० टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे ७८० किलोवॅट वीज. वीज गेली तर जनित्र हजार केव्हीएच्या घरातलं, आणि पंप एकामागून एक सुरू होतील अशी टायमरची रचना हवी. सगळे पंप एकदम सुरू झाले तर सुरुवातीच्या प्रवाहानेच जनित्र बसतं.

*रिकामी करणं.* याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. भरती दिवसातून दोनदा येते. दार उघडं राहतं सव्वाआठ तास. तेवढ्यात सहा कोटी लिटर बाहेर काढायचं तर ताशी सुमारे सव्वासात हजार घनमीटर, आणि तेही पाऊस चालू असेल तर त्याच वाहिनीत. रात्रीच्या पाळीत हे राहून गेलं तर सकाळच्या भरतीला टाकी भरलेलीच असते.

*रिकाम्या टाकीचं तरंगणं.* भरावाच्या जमिनीत पावसाळ्यात भूजल हातभर खोलीवर असतं. टाकीचा तळ भूजलाच्या पाच मीटर खाली असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला पाच टन वर ढकललं जातं. काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टन, म्हणजे नुसत्या वजनाने हे पेलायला दोन मीटर जाडीचा थर लागेल. म्हणून खडकात अँकर, तळाला बाहेर काढलेला पट्टा किंवा छतावर मातीचा भार, यांची जोडणी करावी लागते. मैदानाखालच्या टाकीला वरच्या मातीचा फायदा मिळतो, पण बांधकाम चालू असताना ती माती नसते. छत पडायच्या आधीच पावसाळा आला तर टाकीत मुद्दाम पाणी भरून ठेवावं लागतं.

*नळी कुठून जाते.* कला पार्क रुळांच्या पलीकडे आहे. रेल्वेखालून नळी न्यायची तर रस्ता उकरून भागत नाही. सूक्ष्म बोगदा काढावा लागतो, रेल्वेची परवानगी लागते आणि काम त्यांच्या वेळापत्रकावर चालतं. कामाचं वेळापत्रक आखताना हा तुकडा सगळ्यात आधी धरायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक प्रकल्पांत तो शेवटी उरतो.

*गाळ आणि वायू.* रस्त्यावरचं पाणी प्लास्टिक, चिंध्या आणि वाळू घेऊन येतं. कापडबाजारात चिंध्या जरा जास्तच. पंपापुढे दोन जाळ्या लागतात, एक जाड आणि एक बारीक, आणि पंप चालू असताना त्या साफ करायची सोय. टाकीत आधी गाळ बसण्याचा खड्डा, तळाला त्याच्याकडे उतार. चार दिवस पाणी राहिलं तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जमतो. माणूस आत उतरवायचाच नाही, यंत्रानेच धुवायचं.

तिसरा निर्णय: रस्ता उचलला

हिंदमाता आणि परळ या दोन उड्डाणपुलांच्या मध्ये रस्ता खाली उतरून पुन्हा चढायचा, आणि पाणी नेमकं त्याच खोलगटात साचायचं. २०२१ साली तो मधला तुकडा सुमारे १.२ मीटर उचलून दोन्ही पूल जोडले गेले. काम छोटं, खर्च त्या मानाने किरकोळ, फायदा लगेच: खाली पाणी असलं तरी रुग्णवाहिका वरून जाते.

पण हा उपाय वाहतुकीचा आहे, पुराचा नाही. खालची दुकानं आणि तळमजल्यावरची घरं होती तिथेच आहेत. उलट धोका असा की वरची वाहतूक सुरळीत झाली की बातमी संपते, आणि खाली राहणाऱ्यांचं पाणी कुणाच्या यादीत राहत नाही. असा रॅम्प बांधताना त्याने आडवं येणारं पाणी अडतं का हेही बघायला हवं. खालून मोऱ्या ठेवल्या नाहीत तर एका बशीच्या दोन होतात.

२६ मे २०२५

मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मे रोजी आला. १९५०पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधीच आला नव्हता. आधीचा विक्रम २९ मेचा. त्याच दिवशी दक्षिण मुंबईत धुवाधार पाऊस पडला आणि कुलाब्याचा मे महिन्याचा शंभर वर्षांहून जुना विक्रम मोडला.

हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी इथली छोटी उदंचन केंद्रं २५ मेपर्यंत चालू करायची होती. पाऊस आला तेव्हा ती चालू नव्हती, आणि पाणी साचलं. महापालिकेने चारही ठिकाणच्या ठेकेदारांना प्रत्येकी दहा लाखांचा दंड केला. त्याच सकाळी वरळीचं नवं कोरं आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकही पाण्याखाली गेलं. अर्धवट बांधलेल्या प्रवेशद्वारापाशी पाणी अडवायला उभारलेली भिंत पडली आणि पाणी पायऱ्यांवरून थेट फलाटावर उतरलं.

टाक्या बांधलेल्या होत्या, वाहिन्या रुंद केलेल्या होत्या, रस्ता उचललेला होता. कमी पडली ती कराराच्या कागदावरची एक तारीख. २५ मे ही तारीख ‘पाऊस १०-११ जूनला येतो’ या गृहीतकातून आलेली. त्यात पंधरवड्याची सवड होती, आणि त्या वर्षी ती सवड शून्य ठरली.

दंडाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. दहा लाख ही रक्कम बहुतेक ठेकेदारांना झेपणारी असते, आणि दंड पाणी साचल्यावर लागतो. त्याऐवजी बिलाचा मोठा हिस्सा ओल्या चाचणीशी बांधला असता, तर एप्रिलमध्येच पंप फिरलेले दिसले असते.

वेगळं काय करता येईल

तारखेपासून सुरुवात करतो, कारण तिथे पैसे लागत नाहीत. यंत्रं सज्ज असण्याची तारीख १० मे हवी, आणि ‘सज्ज’ म्हणजे काय हे करारात लिहिलेलं हवं. कोरडी चाचणी म्हणजे मोटर फिरवून पाहणं. ती पुरेशी नाही. ओल्या चाचणीत टँकरने किंवा जवळच्या वाहिनीतून खड्ड्यात पाणी भरायचं, पाण्याच्या पातळीवर चालणारा फ्लोट स्विच स्वतःहून पंप सुरू करतो का बघायचं, मुख्य वीज मुद्दाम तोडून जनित्र किती सेकंदांत भार घेतं ते घड्याळ लावून मोजायचं, आणि दोन तास सलग चालवून बेअरिंगचं तापमान घ्यायचं. उलट प्रवाह थांबवणारी झडप बंद होते का हे पंप थांबवल्यावरच कळतं. कोरड्या चाचणीत ती कधीच सापडत नाही.

विजेच्या पेटीची उंची २००५च्या पाण्याच्या खुणेवर ठरवू नये, त्यावर किमान अर्धा मीटर ठेवावा. जुलै २०२१मध्ये भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचं पाणी शिरून विजेची यंत्रणा बंद पडली होती आणि शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा थांबला होता. पुरात यंत्र बंद पडतं ते बहुतेक वेळा पंपामुळे नाही, पेटीमुळे.

टाकीचा पुढचा टप्पा आखताना वाढलेला समुद्र आणि वाढलेला पाऊस वेगवेगळे जोडून चालत नाही. दोन्ही एकाच दिवशी येतात. आता ताशी १२० मिलिमीटरची क्षमता करण्याची चर्चा आहे. १०० हेक्टरला ती सेकंदाला ३३ घनमीटर होते, म्हणजे जवळपास अख्खं ब्रिटानिया केंद्र एकट्या या बशीला लागेल. एवढी वाहिनी या रस्त्याखाली मावत नाही. त्यामुळे उरलेलं पाणी वरच धरून ठेवण्याशिवाय इलाज नाही, आणि इथे तो पाचवा पर्याय परत येतो.

परळ-दादरचे पुनर्विकासाचे टॉवर तळघरांत चार-पाच मजले वाहनतळ बांधतात. त्यांना पाणी जिरवण्याची सक्ती आहे, पण जिरवण्याच्या खड्ड्याचा मुसळधार पावसात काही उपयोग नाही, कारण भूजल आधीच वर आलेलं असतं. सक्ती हवी ती धारण टाकीची: एका हेक्टरच्या भूखंडाला ५० मिलिमीटर पावसाचे ५०० घनमीटर, बाहेर पडणारी नळी मुद्दाम बारीक, आणि टाकी दोन पावसांमध्ये रिकामी राहते की नाही हे दाखवणारा एक साधा मीटर. वापराच्या पाण्यासाठीची टाकी इथे चालत नाही, कारण ती नेहमी भरलेली असते आणि ऐन वेळी तिच्यात जागा नसते. असे साठ भूखंड झाले की ३०,००० घनमीटर, म्हणजे महापालिकेच्या दोन टाक्यांच्या निम्मी जागा, आणि ती बशीच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी खाली आलंच नाही तर पंपही लागत नाही.

भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी ही टाकी भरून आणि रिकामी करून दाखवायची अट असेल तरच ती बांधली जाईल. नाहीतर दोन वर्षांत तिथे सोसायटीची अडगळ, सायकली आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू दिसतात.